म्हशीच्या मापानं

आमच्या कोल्हापुरात दूध डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक शेजारी उभं राहतं, समोर धार काढली जाते आणि फेस खाली बसायच्या आत ग्लास रिकामा होतो. लहानपणी आबा, म्हणजे माझे वडील, मला तिथं घेऊन जायचे. घरी गोठ्यात चार म्हशी असताना उचगावातून शहरात दुसऱ्याच्या म्हशीचं दूध प्यायला जाणारा माणूस म्हणून आई त्यांची भरपूर टिंगल करायची. आबा म्हणायचे, “बघून पिण्यात मजा हाय.”

मीही त्यांचीच मुलगी, हे मला बाळंतपणात कळलं. माझ्या अंगातलं दूध मला दिसत नव्हतं, त्यामुळं ते आहे यावर माझा विश्वासच बसेना.

त्यात माझं कामच दूध तपासायचं. लग्नाआधी चार वर्षं मी उचगावच्या आमच्या दूध संस्थेत टेस्टर होते आणि लग्न होऊन कागलला गेले तर तिथंही तेच काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन दूध घालायला येतात. प्रत्येकाचं थोडं दूध बाटलीत घेऊन मशीनला लावायचं. फॅट किती, बाकीचे घटक किती, वरून घातलेलं पाणी किती, सगळं मिनिटाभरात पडद्यावर येतं. मी कडक टेस्टर होते आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा एका म्हातारीचं दूध मी परत पाठवलं. फॅट लागली नव्हती. साय काढून घेतलीस म्हटल्यावर ती कळवळून म्हणाली, “न्हाई गं बाई, मागचं दूध रेडकाला सोडलंय, ह्ये म्होरलं हाय.” तिच्यामागं मोठी रांग होती. मी मशीनकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, मावशी, हे खोटं बोलत नाही. ती किटली उचलून गेली, मी पुढचं सॅम्पल लावलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, उचगावात होते. मुलगी झाली. जन्माचं वजन दोन किलो आठशे. पाचव्या दिवशी ते अडीच किलोच्या थोडं वर आलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं उतरतं, आता चढेल. बाराव्या दिवशी, सोमवारी, परत काट्यावर ठेवलं तर दोन किलो सहाशे. आठवड्याभरात चाळीस ग्रॅम. आमच्या घरी बोटानं चाटून टाकतो तेवढं लोणी.

“घाबरण्यासारखं नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या, “पण मला हे आवडलेलंही नाही. किती वेळ पाजता?”

“पोट भरेपर्यंत,” मी म्हणाले.

हे धडधडीत खोटं होतं. मी घड्याळ लावून पाजत होते. एका बाजूला दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला दहा, असं मोबाईलवर कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं आणि आकडा दिसला की मला धीर येतो. दहा मिनिटांनी पोरगी डोळे मिटायची, मी तिला अलगद सोडवायचे, आणि आत काही उरलंय का हे बघायला पंप लावायचे. नवऱ्यानं तो पंप शहरातून आणून दिला होता. त्यावर मिलीच्या खुणा होत्या. त्या खुणा बघत बसायची मला इतकी सवय लागली होती की काही वेळा तर पाजायच्या आधीच मी पंप लावायचे, म्हणजे आज किती आहे ते कळेल. पंधरा मिली. वीस मिली. एकदा तीस आलं तर मी नवऱ्याला फोटो पाठवला. हे सगळं डॉक्टर बाईंना सांगायची मला लाज वाटली. लोकांच्या किटलीत नाक खुपसून खरंखोटं काढणारी मी, माझी वेळ आली तेव्हा सरळ खोटं बोलले.

“शनिवारी परत आणा,” त्या म्हणाल्या. “निदान शंभर ग्रॅम वाढायला पाहिजे. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू, पावडरचं. त्यात कमीपणा काही नाही. बाळ वाढल्याशी मतलब.”

त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. पण मला एवढंच ऐकू आलं की आईचं दूध पुरलं नाही तर बाहेरचं आणावं लागेल, आणि ती आई मी आहे. रिक्षात मी पोरीच्या चेहऱ्याकडं बघत बसले. तिची हनुवटी बारीक दिसत होती. सकाळपर्यंत मला ती नाजूक वाटत होती.

घरी आल्या आल्या आईनं विचारलं, “किती भरलं?”

मी आकडा सांगितला. आई स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचं बोंडलं काढून परत उकळायला ठेवलं. आमच्या घरात एक जुनं चांदीचं बोंडलं आहे, चमच्यापेक्षा थोडं मोठं, एका बाजूला चोच असलेलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवसापासून आईनं ते घासून, उकळून, स्वच्छ फडक्याखाली झाकून ठेवलं होतं. रोज उकळायची. मी कितीदा म्हटलं, कशाला काढून ठेवलंस? ती म्हणायची, “असू दे. लागलं तर जवळ असलेलं बरं.” मला त्या बोंडल्याचा राग यायचा. माझ्या हरण्याची तयारी कुणीतरी आधीच करून ठेवली आहे असं वाटायचं.

आणि आईचा खाऊ घालायचा मारा. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, मग बाजरीची भाकरी लसणाच्या चटणीबरोबर, शेपूची भाजी, दुपारी परत खीर. प्रत्येक वाटी हातात देताना ती माझ्या छातीकडं एक नजर टाकायची आणि विचारायची, “आलं का गं? जड वाटतंय का?” मशीनला सॅम्पल लावून आकडा यायची वाट बघत मी जशी उभी राहायचे, तशीच ती दारात उभी राहायची. मी एकदा ओरडले, “आई, मी म्हैस नाही!” ती म्हणाली, “म्हस असतीस तर मला एवढी काळजी न्हवती.”

गंमत म्हणजे आई स्वतः दुधाला शिवत नाही. चहासुद्धा कोरा पिते. दुधाच्या घरात नांदून दूध न पिणारी बाई म्हणून आम्ही सगळे तिला चिडवायचो. वास येतो, एवढंच ती सांगायची.

मंगळवारी गल्लीतल्या दोघी-तिघी बाळ बघायला आल्या. एकीनं दुपटं बाजूला करून तोंडावरच सांगितलं, “बारीक हाय की गं. दूध पुरतंय न्हवं?” आमच्याकडं लोक मनात काही ठेवत नाहीत, ही आमची मोठी ख्याती. त्या गेल्यावर मी पोरीला पाजायला घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, दात आवळून. ती तोंड लावायची, सोडायची, रडायची, परत लावायची. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. शिफ्ट सुटल्यावर गेटवरूनच त्यानं फोन केला आणि म्हणाला, “टेन्शन घेऊ नको, सगळं व्यवस्थित होईल.” मी म्हटलं, “तुला कुणी सांगितलं? तुझ्याकडं काय रिपोर्ट आहे?” त्यानं बिचाऱ्यानं जेवलीस का विचारलं. पण रिपोर्ट हा शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच. फोन ठेवल्यावर तो डोक्यातून निघेना.

बुधवारी सकाळी, पोरीला पाजायच्या आधी, मी पंप लावला. पंचवीस मिली आलं. खिडकीशी नेऊन बघितलं. आमच्या म्हशीचं दूध ग्लासात ओतलं की ग्लासाच्या काचेवर चढून बसतं. हे काचेवरून पाण्यासारखं उतरलं, आणि उतरताना निळसर दिसलं. मी ते औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरलं.

उचगावच्या संस्थेत माझ्या जागी आता माझी मैत्रीण बसते, आमच्या शेजारच्या मुस्लिम घरातली. आम्ही बालवाडीपासूनच्या. सकाळचं संकलन सुरू व्हायच्या आधी ती रोज बाळाचं तोंड बघून जायची. त्या दिवशी मी आईला पाणी तापवायला पाठवलं आणि तिच्या हातात बाटली दिली.

“हे लाव मशीनला.”

तिनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “कुणाचं हाय?”

“लाव तू.”

“येड लागलंय काय तुला?” ती म्हणाली. पण माझं तोंड बघून तिनं बाटली पर्समध्ये टाकली.

तो एक तास मी काय केलं ते मला धड आठवत नाही. पोरीला न्हाऊ घालणारी बाई आली, तेल लावून, आंघोळ घालून, धुरी देऊन गेली. पोरगी गुंडाळलेली माझ्या शेजारी पडली होती आणि मी मोबाईल हातात धरून बसले होते. शेवटी मेसेज आला. फॅट दोनच्या जरा वर. बाकीचे घटकही कमी. आणि पाणी अकरा टक्के. खाली तिनं लिहिलं होतं, तीनदा लावलो, तेवढंच येतंय. असू दे, मनावर घेऊ नको.

पाणी अकरा टक्के. मी आयुष्यभर ज्या आकड्यावर लोकांची दुधं परत पाठवली, तो आकडा माझ्या नावावर आला होता. मशीन खोटं बोलत नाही, मावशी. माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या कानात घुमायला लागलं. मला खरंच असं वाटलं की मी लेकराला फसवते आहे, ती बारा-चौदा दिवस जीव लावून ओढते आहे आणि मी तिला पाणी देते आहे. मी खूप रडले. रडतानाही दार बंद आहे ना हे बघून घेतलं.

दुपारी मी आईला म्हटलं, “संध्याकाळच्या धारेचं थोडं दूध बाजूला ठेव. पाणी घालून उकळ. तुझं बोंडलं काढ.”

मला वाटलं होतं, आई म्हणेल, चला, एकदाची शहाणी झालीस. ती म्हणाली, “डॉक्टर शनवारी म्हटल्यात न्हवं?”

“शनिवारपर्यंत तिला उपाशी मारू का?”

“पावडरचं म्हटल्यात त्या, म्हशीचं न्हाई.”

“मी म्हशीच्याच दुधावर वाढले ना? काय झालं मला?”

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता, पण माझं लक्ष माझ्यातच होतं. ती एवढंच म्हणाली, “तुझी मर्जी,” आणि आत गेली. म्हशीच्या दुधावर वाढले, हे मी बोलायचं म्हणून बोलले होते. घरात म्हशी, म्हणजे सगळ्यांचंच तसं असणार, एवढाच माझा अर्थ होता.

संध्याकाळी आबांनी धारा काढल्या. एक तांब्या घरात ठेवला आणि किटल्या घेऊन ते संस्थेत गेले. आईनं दूध उकळलं, निववलं, गाळलं. मी पोरीला मांडीवर आडवी घेतली. आई बोंडलं भरून माझ्यासमोर बसली. बोंडल्याच्या चोचीतून एक थेंब दुपट्यावर पडला. पोरीनं वासानं तोंड फिरवलं आणि माझ्या छातीकडं वळवून उघडलं. मी तिचं डोकं धरून परत बोंडल्याकडं वळवायला लागले.

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूच्या खिडकीतून आवाज आला, “थांबा जरा.”

आबा होते. बाळंतिणीच्या खोलीत आमच्याकडं बापयमाणसं येत नाहीत. बाळ बाहेर नेऊन दाखवायचं. आबाही कधी आत आले नव्हते. ते आत्ताही आत आले नाहीत. खिडकीबाहेर आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हशींकडं बघत बोलायला लागले, जणू काही हे बोलणं म्हशींशीच चाललंय.

“संस्थेतली पोरगी मला सगळं सांगितली,” ते म्हणाले. “तिला शिव्या घालू नको. घाबरून सांगितली ती.”

मी पोरीच्या डोक्यावरचा हात काढला.

“बाटली कवा भरलीस?”

“सकाळी. पाजायच्या आधी.”

“म्हंजे पहिल्या धारंचं.”

“हो.”

“अगं, पहिल्या धारंचं दूध पातळच असतंय. शेवटच्या धारंला मलई येती. चार वर्सं मशीनवर बसलीस आणि ह्ये मी तुला सांगायचं व्हय?” आबांचा आवाज चढला. त्यांना राग आला की ते आधी स्वतःवर चिडल्यासारखे बोलतात. “आणि ते मशीन म्हशीचं हाय. बाईमाणसाचं दूध म्हशीच्या मापानं मोजतीस? ते पाणी दाखवील न्हाईतर काय!”

मला त्या म्हातारीची आठवण झाली. मागचं रेडकाला सोडलंय, ह्ये म्होरलं हाय. खरं बोलत होती ती.

“आणि किती वेळ पाजतीस?”

बापाला असलं उत्तर द्यायची माझ्यावर कधी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. “दहा-दहा मिनिटं,” मी म्हणाले. “घड्याळ लावून.”

मग आबा म्हणाले, “रेडकू लुचत असताना घड्याळ बघून कुणी सोडवतं का? शेवटाला जाऊ दे की त्याला. मलई मागंच असती, आणि तू त्याला म्होरंच तोडतीस. रोज असं तोडलं तर म्हसबी आटती. आणि तू तर जीव मुठीत धरून बसल्यास. भ्यालेली म्हस पान्हा सोडत न्हाई, एवढं तरी ठावं हाय न्हवं?”

ते निघून गेले. म्हशीला वैरण टाकल्याचा आवाज आला. मी आईकडं बघितलं. ती बोंडलं धरून तशीच बसली होती, खिडकीकडं तोंड करून. मला वाटलं, ती आबांच्या बोलण्यानं ओशाळली असेल. ती उठली आणि बोंडलं घेऊन स्वयंपाकघरात गेली. आत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला.

मी तिला हाक मारून भिंतीवरचं घड्याळ काढून न्यायला सांगितलं. तिनं ते काढून धान्याच्या डब्यामागं ठेवलं.

पोरीला जवळ घेतलं. पहिल्यांदा तेच झालं, ती थोडा वेळ ओढून डोळे मिटायला लागली आणि माझा हात सवयीनं तिच्या तोंडाकडं गेला. मी तो मागं घेतला. तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या, कानाशी बोलले. ती परत ओढायला लागली. बाहेर आबा कुठल्याशा म्हशीवर ओरडत होते आणि मी ते ऐकत बसले, म्हणजे दुसरं काही डोक्यात यायला नको. केव्हातरी छातीत बारीक मुंग्या आल्यासारखं झालं आणि पोरीचं ओढणं बदललं. आधी ती चुटुचुटु करत होती, आता घुटुक, घुटुक, असा गिळल्याचा आवाज यायला लागला. मी कान देऊन ऐकत होते. किती वेळ गेला मला माहीत नाही, आयुष्यात पहिल्यांदा मला ते मोजायचं नव्हतं. शेवटी तिनंच सोडलं. मान मागं टाकून झोपली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब होता, आणि तो पांढराशुभ्र होता.

एवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला असं समजू नका. गुरुवार आणि शुक्रवार मी कसे काढले ते मलाच माहीत. पंप मी कपाटात बंद करून किल्ली आईकडं दिली आणि दिवसातून चारदा ती परत मागितली. आईनं दिली नाही. लंगोट ओले झाले की मी मनात बेरीज करायचे, मग स्वतःवर वैतागायचे. पोरगी रडली की वाटायचं उपाशी आहे, झोपली की वाटायचं अशक्तपणानं झोपली. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत धरून बघायचे. आबांचं म्हणणं म्हशीला लागू, पण बाईला लागू असेल कशावरून? ज्या मापाला त्यांनी नावं ठेवली, त्याच मापानं ते स्वतःही बोलले नव्हते का? असा सगळा कीस मी पाडत होते. आई या दोन दिवसांत फार कमी बोलली. खीर आणून ठेवायची, पण ‘आलं का’ म्हणून एकदाही विचारलं नाही.

शनिवारी मी आणि आई दवाखान्यात गेलो. पोरीचे सगळे कपडे उतरवून तिला काट्यावर ठेवलं. ती थंड पत्र्यावर हातपाय झाडायला लागली आणि आकडे नाचायला लागले. दोन पाचशे, दोन आठशे, दोन सहाशे. मी आईचा दंड धरला होता. नर्सनं पोरीच्या पोटावर हलका हात ठेवून काढून घेतला. काटा स्थिर झाला. दोन किलो सातशे वीस.

मी खुर्चीत बसले आणि पोरीला कपडे घालायचंही मला सुचेना.

डॉक्टर बाईंना मी सगळं खरं सांगितलं, घड्याळ, पंप, मशीन, सगळं. मशीनचं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, “तिचं तिला सोडू दे, तुम्ही सोडवू नका. असंच चालू ठेवा. पुढच्या आठवड्यात परत बघू.”

मी पोरीला घेऊन उठले. आई मात्र उठली नाही.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “पहिल्या धारंचं समद्या बायकांचं पातळच असतंय?”

“सगळ्यांचं, मावशी.”

“निळं दिसतंय?”

“दिसतं ना. त्यात वाईट काही नसतं.”

आईनं मान हलवली. बाहेर पॅसेजमध्ये बाकावर येऊन बसली. मी पोरीला पाजायला घेतलं, पदर पुढं ओढला. आई समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागली.

“तू झालीस तवा पाचव्या दिशी सासूबाईनी माझं दूध वाटीत पिळून घेतलं. चौघी बायका बसल्या होत्या. वाटी समद्यांच्या हातातनं फिरली. म्हटल्या, ह्ये दूध न्हवं, तांदूळ धुतल्यालं पाणी हाय, पोर जगायची न्हाई ह्यावर. आठव्या दिशी बोंडलं लावलं तुला. मला पाजू देईनात. म्हयन्यात आटलं माझं.” ती थांबली. “मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. तुझ्याबी अंगात उतरली असंल म्हणून मी बोंडलं काढून ठेवलं.”

मी तिचा हात धरला. तिचं वय तेव्हा एकवीस होतं. आत्ताच्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

संध्याकाळी आबा गोठ्यात धार काढत होते. वजन ऐकून ते खूश होते, म्हशींशी मोठमोठ्यानं बोलत होते. मी खिडकीजवळ पोरीला घेऊन बसले होते. आई गोठ्यात गेली, त्यांच्यापुढं उभी राहिली.

“पहिल्या धारंचं पातळ असतंय, ह्ये तुमाला तवाबी ठावं होतं न्हवं?”

आबांनी मान वर केली. त्यांना एका क्षणात कळलं. हातातली धार थांबली.

“मग तवा का बोलला न्हाईसा?”

“बायकांचं चाललं होतं आत,” आबा हळू आवाजात म्हणाले. “मला कुणी इचारलं न्हाई.”

“परवा कोण इचारलं होतं?”

आबांनी परत धार काढायला घेतली. आई घरात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सगळ्या किटल्या भरून झाल्यावर शेवटच्या धारा वेगळ्या ग्लासात काढल्या. ग्लास घेऊन ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. दूध घट्ट होतं, वर फेस होता. त्यांनी तो आईच्या पुढं धरला. आईनं ग्लास घेतला. दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. तोंडाजवळ नेला, आणि खाली घेतला.

“आता काय उपेग,” ती म्हणाली.

मग माझ्या खोलीत आली आणि ग्लास माझ्या हातात दिला. “तू पी. तुला पाजायचं हाय.”